हाताचं वजन

माझ्या बायकोला चौऱ्याऐंशी आणि मला एकसष्ट. हे आकडे सोमवारी कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या पडद्यावर लागले आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. पोटाला काहीही झालेलं नव्हतं.

मी मोरेश्वर चटप. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात आमचा सिमेंटचा कारखाना आहे, तिथल्या दोन नंबरच्या किल्नवर मी तेवीस वर्षं बर्नर आहे. किल्न म्हणजे साठ मीटर लांबीची, आडवी, किंचित उतरती पोलादी नळी. ती मिनिटाला चारेक फेरे घेते. एका टोकानं दळलेली चुनखडी आत जाते, दुसऱ्या टोकाला ज्योत असते, आणि भाजून काळे गोटे बाहेर पडतात. ते दळले की सिमेंट. सगळा खेळ भाजण्याचा, आणि भाजणं अवलंबून नळीच्या वेगावर. वेग जास्त झाला तर माल कच्चाच पुढे पळतो, कमी झाला तर करपतो. कढईत शेंगदाणे भाजताना उलथणं किती हलवायचं, एवढाच प्रश्न आहे. फक्त इथे तासाला पावणेदोनशे टन शेंगदाणे असतात. तो वेग ठरवणारा माणूस म्हणजे बर्नर.

किल्न फिरवते ती एसी मोटर. या मोटरचा वेग विजेच्या तालावर ठरतो. तारेतली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि मोटर त्या तालाला बांधलेली असते. वेग बदलायचा तर ताल बदलायला हवा. ते काम ड्राइव्ह करतो. कपाटाएवढी ही पेटी आलेली वीज आधी सरळ करून घेते, मग तिचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या तालाची नवी वीज जुळवते आणि मोटरला देते. इतकं तर मी नोकरीला लागलो तेव्हाही होतं.

नवं आलं ते असं. माल नीट भाजला की चिकट होतो, नळीच्या भिंतीला धरून वर चढतो, मोटरला जोर जास्त लागतो आणि करंट वाढतो. माल कच्चा असला की खाली घसरतो आणि करंट उतरतो. आम्ही जुने लोक ॲम्पिअरच्या आकड्यावरून आणि निळ्या काचेतून ज्योत पाहून अंदाज बांधायचो. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार चौतीस साली, आलेला ड्राइव्ह तोच करंट सेकंदाला दहा हजार वेळा वाचतो आणि नळीच्या पोटात काय चाललंय ते सांगतो. त्याच्याबरोबर टेबलावरचा माउस गेला आणि पितळी नॉब आला. नॉब फिरवणारा हात किती हळू, किती झटक्यानं, कुठे अडखळून फिरवतो हे तो टिपून ठेवतो. त्या हातानं वेग बदलल्यावर अर्ध्या तासानं किल्न सुधारली की बिघडली, हेही. पाच वर्षं तो नुसता शिकला. यंदा त्यानं प्रत्येक हाताला वजन दिलं. शंभर वजनाच्या हातानं नॉब जेवढा फिरवला तेवढा वेग बदलेल. एकसष्टच्या हातानं कितीही फिरवू द्या, ड्राइव्ह त्यातलं एकसष्ट टक्केच ऐकणार.

कंपनीनं त्याला काहीतरी संस्कृत नाव दिलंय. आम्ही त्याला जावई म्हणतो. वातानुकूलित खोलीत बसतो, सगळे त्याची मर्जी राखतात, आणि कुणाचं ऐकायचं ते तो ठरवतो.

प्रणालीला, माझ्या बायकोला, हे काम मी शिकवलं. ती लॅबमध्ये होती, क्लिंकर, म्हणजे ते भाजलेले काळे गोटे, तपासायची. मुलगी लहान असताना घरी कुणीतरी हवं म्हणून आम्ही पाळ्या बांधून घेतल्या. प्रणाली सहा ते दोन, मी दोन ते दहा, रात्री मनोहर दुर्गे. मुलगी आता नागपूरला हॉस्टेलवर आहे, पाळ्या तशाच राहिल्या. मी घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते, ती उठते तेव्हा मी. गेली कित्येक वर्षं आम्ही नवरा-बायको एकमेकांना जागेपणी भेटतो ते कंट्रोल रूममध्ये, पाळी बदलताना. मी दोनला दहा मिनिटं असताना पोचतो, नॉबवर बसतो, ती शेजारच्या खुर्चीत चहा घेते. दोन वाजून एक मिनिटाला ती उठते.

नॉब कसा धरायचा, घाई कशी करायची नाही, हे मी तिला दाखवलं. आणि जावयाला तिचा हात आवडला. मला हेवा वाटला. वाईट वाटलं, अपमान वाटला, असले शब्द मी चार दिवस स्वतःपुढे करून पाहिले, पण तो साधा हेवा होता. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली की राग यायचा, आणि जपून बोलली की जास्त यायचा.

मंगळवारी सूचना लागली. महिनाअखेरीपासून दोन नंबरच्या किल्नवर एकच ‘मूळ हात’ राहील. सर्वांत जड हात ड्राइव्हमध्ये पक्का बसवायचा, मग तिन्ही पाळ्यांत किल्न त्याच हातानं चालेल. त्या हाताचा माणूस किल्नचा प्रमुख. बाकीचे दोघे नॉबपाशी बसतील, पण त्याच्या हाताखाली. कुणाचा आक्षेप असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत लेखी द्यायचा. आक्षेप शनिवारपर्यंत मिटला नाही तर कंपनी आपल्या राजस्थानच्या कारखान्यातला तयार हात आणून बसवेल आणि इथल्या तिघांना पॅकिंगमध्ये पाठवेल.

दुर्गेचा आकडा बहात्तर. त्याला कशाचंच काही नव्हतं. बुधवारी तो मला कँटीनमध्ये भेटला.

“चटपभाऊ, आता घरीबी वयनी आन् इथंबी वयनी,” तो म्हणाला. “सुटी मांगाची तं स्वयंपाकखोलीतच अर्ज द्याचा.”

मी हसलो. मग नळावर जाऊन बराच वेळ हात धुतले. तिथेच मला ती गोष्ट सुचली.

आमच्याकडे पाळी बदलताना कुणी आपलं नाव मशीनमधून लगेच काढत नाही. नाव काढलं की चौदा पडदे बंद होतात, पुन्हा एकेक उघडावे लागतात, आणि तेवढा वेळ किल्नकडे कुणाचं लक्ष राहत नाही. म्हणून रीत अशी की जाणारा चहा पिऊन उठेपर्यंत येणारा त्याच्याच नावावर काम करतो. तोवर येणाऱ्याला किल्नचा अंदाज येतो, मग उठताना नाव बदलायचं. म्हणजे दोनला दहा कमी ते दोन वाजून एक मिनिट, रोज अकरा मिनिटं, प्रणालीच्या नावावर माझा हात चालायचा. आणि त्या अकरा मिनिटांत मी रोज काहीतरी दुरुस्त करायचो हे मला चांगलं आठवत होतं. किल्न किंचित मंद असायची. मी वेग थोडा वाढवायचो आणि करंट छान जागेवर यायचा. रोज. सहा वर्षं.

तिच्या चौऱ्याऐंशीत माझी भर होती. मी त्याच दुपारी आक्षेप लिहून दिला.

प्रणालीला मी सांगितलं नाही. तिला गुरुवारी ऑफिसातून कळलं. पाळी बदलताना ती चहाचा कप हातात धरून म्हणाली, “तुमी मले इचारलं असतं तं?”

“काय इचारायचं? अकरा मिनिटं माह्ये हायेत. तेवढे मले पाहिजे.”

“घ्या ना मग,” ती म्हणाली आणि त्या दिवशी चहा अर्धा टाकून निघून गेली.

शुक्रवारी सकाळी ड्राइव्ह कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. निनाद उपासनी, तिशीचा, बोलायला नम्र. अकरा वाजता त्यानं आम्हा दोघांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. किल्नवर तेवढ्यापुरतं दुर्गेला बोलावलं होतं.

“चटपसाहेब, तुमचं म्हणणं बरोबर निघालं,” त्यानं सुरुवातच अशी केली. “नाव कुणाचंही असलं तरी हात नॉबवरून ओळखता येतो. मी सहा वर्षांची सगळी माहिती नावाऐवजी हातानुसार वेगळी केली. मॅडमच्या नावावर रोज अकरा मिनिटं तुमचा हात आहे. आणि त्या अकरा मिनिटांतले तुमचे बदल जवळजवळ प्रत्येक वेळी अचूक आहेत. एरवी तुम्ही थोडी घाई करता. किल्न उत्तर देण्याआधीच पुन्हा नॉब फिरवता. पण या अकरा मिनिटांत तुमचं वजन त्र्याण्णव आहे.”

त्र्याण्णव. मी प्रणालीकडे पाहिलं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं, आणि ते मी लपवलंही नाही. ती टेबलाकडे पाहत होती.

“मग मी म्हटलं, असं का?” उपासनी पुढे म्हणाला. “एकाच माणसाचा हात अकरा मिनिटं एवढा चांगला आणि बाकीचे आठ तास वेगळा, असं होत नाही. म्हणून त्याच्या आधीची दहा मिनिटं पाहिली.”

त्यानं पडद्यावर एक रेघ आणली. प्रणालीच्या पाळीतला किल्नचा वेग. सकाळी सहापासून रेघ शांत होती, लागेल तिथेच वळणारी. दुपारी एक चाळीसला ती खाली उतरत होती, थोडीशीच, एका फेऱ्याच्या बाराव्या भागाइतकी. मग माझा हात आल्यावर पुन्हा वर. त्यानं दुसरा दिवस दाखवला, तिसरा, मागच्या वर्षीचा एक, त्याच्या मागच्या वर्षीचा. प्रत्येक ठिकाणी एक चाळीसला तोच उतार.

“करंटमध्ये काही कारण दिसत नाही. किल्न ठीक चाललेली असताना मॅडम मुद्दाम वेग कमी करतायत. आधी मला वाटलं ही त्यांची सवय असेल. पण तुमच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी दोनची पाळी दुर्गे घेतात. त्या दिवशी एक चाळीसला काहीच होत नाही, रेघ सरळ राहते. सहा वर्षांत एकदाही नाही.” तो थांबला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं. “म्हणजे जी चूक तुम्ही रोज दुरुस्त करत होता, ती तुमच्यासाठी केलेली असायची.”

मी पडद्यावरची एक चाळीसची जागा पुन्हा पाहिली.

“मॅडमच्या आकड्यातून त्यांची शेवटची दहा मिनिटं आणि तुमची अकरा काढली, तर त्यांचं वजन शहाण्णव होतं,” उपासनी म्हणाला. “तुमच्या एकसष्टात फरक पडत नाही.”

आम्ही बाहेर पडलो. तिला किल्नवर परत जायचं होतं. ती कन्व्हेयरच्या पुलाखालून चालू लागली, मी तिच्या मागे. धुळीनं पांढऱ्या झालेल्या झाडापाशी मी तिला थांबवलं.

“काहून केलं असं?”

“आठवून पाहा,” ती म्हणाली. “मी नवीन नॉबवर बसलो तेव्हाची गोष्ट हाय. किल्न एकदम बरोबर राहे, करंट बरोबर, आन् तुमी आल्याबरोबर फिरवत होते. कमी असलं तं वाढवा, जास्त असलं तं उतरवा, बरोबर असलं तरी कायीतरी कराच. म्या ठेवलेलं तसंच राहू देणं तुमाले जमेच ना. मंग सहा वाजेपर्यंत किल्न बिघडे. लॅबमधून फोन येत, आन् तुमी दहा वाजता तोंड पाडून घरी.”

“म्हणून तू चुकवून ठेवत होती.”

“मंदच ठेवत होतो. मंद ठेवली तं माल थोडा जास्त भाजते, वाया नाई जात. तुमी येऊन वाढवत, बरोबर जागेवर येत जाय, तुमचं समाधान होये आन् मंग तुमी तिले हात नाई लावत दोन तास. मले जे सुचलं, तेच केलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

“मले सांगाचं होतं,” मी म्हणालो.

“सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं?”

ती निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो आणि मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं. मनात आलं, शनिवारी बारापर्यंत मी आक्षेप मागे घेतला नाही तर तिचा हात बसणार नाही. राजस्थानचा कुणीतरी येईल. ती पॅकिंगमध्ये, मी पॅकिंगमध्ये, दुर्गे पॅकिंगमध्ये. सगळे सारखे. मला काहीच करावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. त्या दिवशीच्या पाळीत मी हेच घोळवत राहिलो, आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं.

शनिवारी साडेअकराला उपासनीनं कागद पुढे केला. आक्षेप मागे घेण्याचा अर्ज होता आणि खाली दोन सह्यांची जागा होती.

“आणखी एका गोष्टीला दोघांचीही संमती लागेल,” तो म्हणाला. “मूळ हात बसवण्याआधी ही एकवीस मिनिटं माहितीतून कायमची पुसावी लागतात. तांत्रिकदृष्ट्या तो गोंगाट आहे, खऱ्या कामाचा भाग नाही. ड्राइव्हनं तो शिकू नये.”

दुर्गेला नॉबवर बसवून प्रणाली अर्ध्या तासासाठी आली होती. तिनं पेन उचललं आणि उभ्यानंच सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

मी थांबलो. रोजची एकवीस मिनिटं, सहा वर्षं. दिवसभरात तिनं माझा विचार करून केलेलं तेवढंच काम होतं, आणि आम्ही जे काही एकत्र होतो ते त्याच वेळात. तिचा बाकी सगळा हात आता जावयाकडे जाणार होता, शहाण्णव वजनाचा. माझ्या वाट्याचा तेवढाच तुकडा पुसला जाणार होता, आणि तिनं एका दमात सही करून टाकली होती. मला त्या सहीचाही हेवा वाटला.

“एवढ्या लवकर केली?” मी विचारलं. उपासनी समोर बसला होता, तरी विचारलं.

“मंग काय करू?” ती म्हणाली.

“तू माह्यासाठी केलं होतं ना ते.”

तिनं खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसली. “मले ते दहा मिनिटं कधीच आवडले नाई जी. चांगली चाललेली किल्न रोज आपल्या हातानं बिघडवाची. वाटे, आज नाई करत. आन् मंग घड्याळात एक चाळीस होत. तुमाले वाटते ते काय मोठं जपून ठेवासारखं हाय? मी थकलो होतो.”

उपासनी उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघत राहिला. पावणेबारा झाले होते.

मला वाटलं होतं ती प्रेमानं केलं असं म्हणेल. तसं ती म्हणाली असती तर मी बहुतेक सही केली नसती. ते प्रेम कुणाला पुसू दिलं नसतं आणि त्याच नावाखाली तिला पॅकिंगमध्ये नेलं असतं. ती थकलो म्हणाली. सहा वर्षं माझा हेवा तिनं सांभाळला होता, मला माहीत होण्याच्या आधीपासून, आणि तो सांभाळण्याचं काम तिला नकोसं झालं होतं. मी सही केली. बाराला सात मिनिटं कमी होती.

ती आपल्या पाळीवर परत गेली. मी जेवलो, कपडे बदलले आणि नेहमीसारखा दोनला दहा कमी असताना कंट्रोल रूममध्ये पोचलो. तिनं नॉब सोडला, थर्मासमधून चहा ओतला आणि शेजारच्या खुर्चीत बसली. मी बसलो. हात आपोआप नॉबवर गेला.

करंट जागेवर होता. वेग चार पूर्णांक दोन. मी एक चाळीसपासूनची रेघ मागे नेऊन पाहिली. सरळ. माझ्यासाठी काहीही ठेवलेलं नव्हतं.

बोटं शिवशिवत होती. थोडं वाढवावं, नाहीतर थोडं उतरवावं, कुणाला कळणार होतं. जावयाला कळलं असतं आणि तिला कळलं असतं. मी हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसलो. तेवीस वर्षांचा बर्नर, पन्नाशीला आलेला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. ती पडद्याकडे पाहत चहा पीत होती. माझ्याकडे बघत नव्हती, पण तिनं कप दोनदा ओठांपर्यंत नेऊन न पिता खाली ठेवला.

दोन वाजले. दोन वाजून एक मिनिट झालं. ती उठली नाही.

“बरोबर हाय,” मी म्हणालो.

“काय?”

“स्पीड. बरोबर ठेवला तू. म्या कायी नाई करत.”

एवढं बोलायला मला सकाळच्या सहीपेक्षा जास्त जड गेलं. तिनं कप विसळला, थर्मासचं झाकण लावलं आणि नेहमीची पिशवी खांद्याला अडकवली. मग वाकून तिनं मशीनमधलं आपलं नाव काढलं. चौदाच्या चौदा पडदे काळे झाले, आणि मी एकेक उघडेपर्यंत ती रोजच्यासारखी निघून न जाता माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. नंतर तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, अगदी थोडा वेळ.

“येतो मी,” ती म्हणाली आणि गेली.

हेवा गेला नाही. शहाण्णव हा आकडा आजही भिंतीवर दिसला की तो पुन्हा जागा होतो. पण त्या पाळीत, आठ तासांत, मी नॉब दोनदाच फिरवला, आणि दोन्ही वेळा किल्नला त्याची गरज होती.